तीन मीटरांचे आकाश

दोन इमारतींमध्ये किती अंतर असावे, हा प्रश्न वरवर पाहता नकाशे काढणाऱ्यांचा आणि ते मंजूर करणाऱ्यांचा आहे. सामासिक अंतर, चटई क्षेत्र निर्देशांक, निवासी विभाग असले शब्द कानावर पडले की सभेतील कार्यकर्ता चुळबुळ करू लागतो आणि चर्चा वास्तुशास्त्रज्ञांवर सोपवून मोकळा होतो. परंतु शहरातील संपत्तीची वाटणी ज्या थोड्या कागदांवर प्रत्यक्ष घडते, त्यांत विकास नियंत्रण नियमावली हा एक प्रमुख कागद आहे. गिरणीच्या दारात वेतनाचा करार होत असे तेव्हा त्यातील प्रत्येक आण्याकडे कामगारांचे लक्ष असे. उजेडाचा आणि वाऱ्याचा करार मात्र कामगाराच्या वतीने दुसरेच कोणी करून टाकतात, आणि त्याची कलमे त्याला कळतात ती नव्या घरात राहायला गेल्यावर, भर दुपारी दिवा लावावा लागतो तेव्हा.

इमारत आणि तिच्या भूखंडाची हद्द यांच्यामध्ये, तसेच एकाच भूखंडावरील दोन इमारतींमध्ये जी मोकळी जागा सोडणे कायद्याने बंधनकारक असते, तिला सामासिक अंतर म्हणतात. जमिनीच्या व्यापाराच्या दृष्टीने ही जागा म्हणजे वाया गेलेली जमीन होय. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने तीच जागा घराचा एक अविभाज्य भाग आहे, कारण खिडकीचे मोल खिडकीबाहेर काय आहे यावर ठरते. समोर हाताच्या अंतरावर भिंत असेल तर खिडकी ही केवळ भिंतीतील एक लाकडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट उरते.

मुंबईत हा नियम स्मशानातून आला. १८९६ सालच्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले आणि पाहता पाहता साथीने शहर व्यापले. गोदीलगतच्या त्या वस्तीत घरे एकमेकांना चिकटून उभी होती. दोन घरांमध्ये असलीच तर मलमूत्र वाहून नेणारी अरुंद घरगल्ली असे, आणि आतल्या खोल्यांना बाहेरच्या हवेचा स्पर्शही होत नसे. व्यापार ठप्प झाला, गिरण्यांतील माणसे गावाकडे पळाली, तेव्हा कोठे सरकारला जाग आली आणि १८९८ च्या कायद्याने मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजेच इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. या मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांमधील उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान देऊन साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. राहत्या खोलीच्या खिडकीसमोर इतकी मोकळी जागा हवी, की समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे तळातून काढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करणार नाही, असा तो नियम. भूमितीच्या भाषेतून व्यवहारात आणले तर त्याचा अर्थ अगदी सोपा आहे: समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे अंतर मोकळे सोडा.

या विश्वस्त मंडळाला समाजवादी म्हणून गौरविण्याचे काही कारण नाही. साम्राज्याच्या व्यापारी बंदराची काळजी वाहण्यासाठी ते जन्मले होते. त्याने गरिबांची जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत, आणि घराबाहेर काढलेली माणसे शेजारच्या मोहल्ल्यांत दाटीने कोंबली गेली. भांडवलदारी व्यवस्था घरांचा प्रश्न सोडवीत नाही, तो फक्त एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवते, असे एंगल्सने १८७२ साली दाखवून दिले होते. मुंबईने त्याचा पडताळा दिला. तथापि नियमाचा जन्मदाता कोण, यावरून नियमाची योग्यता ठरत नाही. इमारतीची उंची आणि समोरचे आकाश यांचे नाते अंकगणिताने बांधून टाकणे, हे त्या नियमाचे सामर्थ्य होते. मालक कोण, भाडेकरू कोण, भाडे किती, हे सूर्याची तिरीप विचारीत नाही. नियमही विचारीत नव्हता.

पुढच्या शंभर वर्षांत या नात्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९९१ च्या बृहन्मुंबई विकास नियंत्रण नियमावलीने उजेड आणि वायुविजनासाठी सोडावयाचे बाजूचे अंतर इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश ठरविले. २०१८ साली अमलात आलेल्या नियमावलीने ते एक चतुर्थांशावर आणले. म्हणजे निम्म्यावरून तिसरा हिस्सा, तिसऱ्यावरून चौथा. हा झाला सर्वसाधारण नागरिकांचा हिशेब. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी १९९० च्या दशकात जे स्वतंत्र नियम करण्यात आले, त्यांनी पुनर्वसनाच्या दोन इमारतींमध्ये किमान तीन मीटर अंतर असले की पुरे, असे ठरवून टाकले. चोवीस मीटर उंचीची, म्हणजे तळमजला आणि वर सात मजले असलेली इमारत घेतली, तर ऑरच्या नियमाने तिच्यासमोर बारा मीटर जागा हवी होती, १९९१ च्या सर्वसाधारण नियमाने आठ मीटर, २०१८ च्या नियमाने सहा मीटर. पुनर्वसित झोपडीवासीयाच्या वाट्याला आले तीन मीटर, म्हणजे उंचीचा आठवा हिस्सा. साडेत्रेसष्ट अंशांचा कोन येथे जवळजवळ त्र्याऐंशी अंशांचा होतो. त्या कोनातून तळमजल्यावरच्या माणसाला आकाश दिसावयाचे तर त्याने खिडकीबाहेर डोके काढून मान उलटी केली पाहिजे.

पुढे या आकड्यांत फेरफार झाले. परंतु गरिबाच्या इमारतीला वेगळा आणि उणा न्याय लावावयाचा, हे तत्त्व मागे घेतले गेलेले नाही. आणि तीन मीटरांच्या हिशेबाने ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्या आजही तशाच उभ्या आहेत. मानखुर्द-गोवंडी भागातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या त्यांपैकी दोन प्रसिद्ध वसाहती. रेल्वेमार्गालगतच्या आणि रुंद करावयाच्या रस्त्यांवरच्या झोपड्या हलवून हजारो कुटुंबे येथे आणून वसविली गेली. इमारतींच्या रांगा इतक्या जवळ आहेत की समोरच्या घरातले बोलणे या घरात ऐकू यावे. मधल्या पट्टीत वरच्या मजल्यांवरून कचरा पडतो, सांडपाणी साचते, दुर्गंधी आणि डास यांच्यामुळे खालच्या मजल्यांवरील बायका खिडक्या बंद करून घेतात, आणि जी काही थोडी हवा यावयाची तीही थांबते. गोवंडी परिसरातील अशा पुनर्वसन वसाहतींची डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने पाहणी केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीने इमारतींची दाटी, खालच्या मजल्यांवरील उजेड-हवेचा अभाव आणि क्षयरोगाचे प्रमाण यांचा संबंध दाखवून दिला. ज्या वसाहतीत इमारती तुलनेने दूर होत्या, तेथे क्षयाचे प्रमाणही कमी होते.

यात वैद्यकशास्त्राला नवे असे काही नाही. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली शोधून काढले. सूर्यप्रकाशात ते फार काळ जगत नाहीत आणि खेळत्या हवेत ते विरून जातात, हे ज्ञानही जुने आहे. कोंदट, अंधाऱ्या खोलीत खोकणाऱ्या एका माणसाच्या सहवासात पाच माणसे रात्रंदिवस राहिली तर काय होते, हे सांगावयास पाहणीची गरजही पडू नये. १८९६ च्या सरकारला निदान अज्ञानाची सबब होती. १९९० च्या दशकातील नियमकर्त्यांना ती नाही.

या नियमावलीत आणखी एक विलक्षण कलम आहे, आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. नगररचनेच्या शास्त्रात दाटीला कमाल मर्यादा घालण्याची रीत आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत दाटीला किमान मर्यादा आहे. दर हेक्टरी निदान ५०० गाळे बसलेच पाहिजेत, अशी ती अट होती. २०१८ च्या नियमावलीत ती ६५० गाळ्यांची झाली. एका गाळ्यात पाच माणसे धरली तर एका हेक्टरवर सव्वातीन हजार माणसे होतात, म्हणजे माणशी जेमतेम तीन चौरस मीटर जमीन. आणि त्यातच जिना, रस्ता, गटार, बालवाडी, सोसायटीचे कार्यालय, सारे काही. याहून कमी दाटी करावयाची म्हटले तर ते नियमाविरुद्ध होईल! श्रीमंताच्या वस्तीत गर्दी होऊ नये म्हणून कायदा पहारा देतो आणि गरिबाच्या वस्तीत गर्दी कमी होऊ नये म्हणून तोच कायदा पहारा देतो.

हे असे का घडले, याचे उत्तर नियमकर्त्यांच्या दुष्टपणात शोधण्यात अर्थ नाही. ते योजनेच्या अर्थशास्त्रात आहे. १९९५ पासून राबविण्यात आलेल्या या योजनेचा पाया असा, की सरकारने पैसा घालावयाचा नाही. बिल्डरने झोपडीवासीयांना विनामूल्य घरे बांधून द्यावयाची, आणि त्या बदल्यात मोकळ्या झालेल्या जमिनीवर विकाऊ इमारती उभारून खर्च आणि नफा वसूल करावयाचा. पुनर्वसनाच्या इमारतीतून बिल्डरला एक पैसा मिळत नाही. म्हणून ती जितक्या कमी जमिनीवर आणि जितक्या कमी खर्चात आटोपेल तितके त्याला हवे असते. पन्नास मीटर लांबीच्या दोन इमारतींमध्ये तीनऐवजी बारा मीटर अंतर सोडावयाचे तर ४५० चौरस मीटर जमीन अधिक लागते. ती जमीन विकाऊ इमारतीच्या आवारातून, तिच्या बगिच्यातून, तिच्या मोटारतळातून वजा होते. मुंबईच्या भावाने तिची किंमत किती, याचा हिशेब बिल्डरच्या टेबलावर रोज होतो. तळमजल्यावरील बाईच्या फुप्फुसाची किंमत त्या टेबलावर कोणी मांडीत नाही. एकाच भूखंडावर एका कोपऱ्यात खेटून उभे असलेले पुनर्वसनाचे ठोकळे आणि उरलेल्या विस्तीर्ण जागेत हिरवळीसह उभा असलेला मनोरा, हे दृश्य म्हणूनच मुंबईत जागोजाग दिसते. घर विनामूल्य आहे असे म्हटले जाते. मोल घेतलेच जाते. फक्त ते रुपयांत घेतले जात नाही.

नियमात जेवढे शिल्लक ठेवले तेवढे तरी हाती पडते काय? नियमावलीच्या पोटात शिथिलतेचा अधिकार आहे. योजना व्यवहार्य व्हावी म्हणून, कारणे लेखी नोंदवून, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आवश्यक ती सवलत देता येते. व्यवहार्य हा शब्द मोठा निष्पाप आहे. व्यवहार्य कोणाला? ज्या गाळ्यात दिवसा वाचता येत नाही तो गाळा त्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने कधी तरी व्यवहार्य ठरेल काय? हा प्रश्न विचारण्याची सोय त्या कलमात नाही. पुनर्वसनाबाहेरच्या इमारतींची गोष्टही फारशी निराळी नाही. तेथे मोकळ्या जागेतील उणीव अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून माफ करून घेता येते, आणि ते अधिमूल्य हे महापालिकेच्या उत्पन्नाचे एक ठळक साधन होऊन बसले आहे.

अर्थशास्त्राच्या प्राथमिक वर्गातील विद्यार्थीही येथे थबकेल. विक्रीच्या व्यवहारात वस्तू ज्याची असते तो ती विकतो आणि मोबदला घेतो. येथे उणीव विकत घेतो बिल्डर, पैसे घेते महापालिका, आणि उजेड जातो तिसऱ्याचाच: त्या इमारतीत पुढे राहावयास येणाऱ्याचा किंवा शेजारच्या घरातल्याचा. तो या व्यवहारात पक्षकारच नाही. जी वस्तू आपली नाही ती विकण्याला सामान्य माणसाच्या बाबतीत फौजदारी कायद्यात नाव आहे. सरकारने केले की त्याला महसूल म्हणतात. २०२१ साली तर राज्य सरकारने बांधकाम व्यवसायाला चालना देण्यासाठी बांधकामावरील अधिमूल्यांत वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सूट दिली होती. कापडाच्या दुकानात सणासुदीला सूट लागते, तशी ही सूट होती.

याविरुद्ध एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो विचारी माणसांकडूनही येत असल्यामुळे त्याची दखल घेतली पाहिजे. तो असा, की असे नियम घरे महाग करतात. मानके जितकी उंच तितका गरीब शहराबाहेर ढकलला जातो. तेव्हा नियमच सैल करा. या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, आणि तो नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. विभागनियोजनाचा इतिहास काही निर्मळ नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातील युक्लिड या गावाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली निवासी विभागांच्या नियमांना मान्यता दिली. त्या निकालपत्रात भाडेकरूंच्या बहुमजली इमारतीला, बंगल्यांच्या मोकळ्या जागेवर पोसणारे बांडगूळ ठरविण्यात आले होते. पुढे किमान भूखंड, रुंद समोरचे अंगण, फक्त एका कुटुंबाचेच घर, अशा अटी घालून अमेरिकेच्या कित्येक उपनगरांनी गरिबांना आणि कृष्णवर्णीयांना दाराबाहेर ठेवले. जातीचे नाव न घेता जात पाळण्याची ही युक्ती भारतीय माणसाला समजावून सांगावी लागू नये. दिल्लीतील ल्युटेन्स बंगला विभागात आजही मोजक्या सत्ताधीशांची आणि धनिकांची एकरी आवारे नियमाच्या कुंपणाने सुरक्षित आहेत.

पण यावरून निष्कर्ष काय काढावयाचा? अंतराचे नियम दोन जातींचे असतात. एक आरोग्यासाठी, दुसरे प्रतिष्ठेसाठी. खिडकीसमोरचे आकाश, अग्निशामक बंबाला वळण्यापुरती वाट, वारा वाहण्यापुरती फट, हे आरोग्याचे नियम होत. ते इमारतीच्या उंचीशी बांधलेले असतात आणि सर्वांना सारखेच लागू व्हावयास हवेत. बंगल्यापुढे अमुक फूट बाग हवी, भूखंड अमुक चौरस मीटरपेक्षा लहान नको, या निवासी विभागात चाळ नको, हे प्रतिष्ठेचे नियम होत. शेजार निवडून घेण्यासाठी ते केलेले असतात. स्वस्त घरांसाठी नियम सैल करावयाचेच असतील तर ते दुसऱ्या जातीचे करावेत. महाराष्ट्रात नेमके उलट घडते. प्रतिष्ठेच्या नियमांना हात लावण्याचे धैर्य कोणाला होत नाही आणि गरिबांच्या कळवळ्याने आरोग्याचे नियम मात्र सैल होतात.

झोपडीपेक्षा हे बरे नाही काय, असे विचारणारेही आहेत. झोपडीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गळके छप्पर, सार्वजनिक नळावरची रांग, रात्री शौचास जाताना बायकांना वाटणारे भय, हे ज्याने भोगले आहे त्याला पक्क्या घराची किंमत समजते. पण संडास हवा असेल तर ऊन सोडा, अशी निवड नागरिकापुढे टाकण्याचा अधिकार शासनाला कोणी दिला?

जमीनच नाही, हे शेवटचे उत्तर असते. जमीन होती. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने मुंबईच्या बंद पडणाऱ्या गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे केले होते: एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकासाठी. २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता गिरणीच्या आवारातील केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली ती अडविली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती मान्य केली. गिरणगावच्या काळजातली जमीन मॉलना आणि मनोऱ्यांना मिळाली. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ साली गुंडाळला. त्याच कायद्यातील अतिरिक्त जमिनीसाठी मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या रूपाने झुंज दिली आणि गोरेगावला दिंडोशी येथे सामान्य माणसांसाठी सहकारी तत्त्वावर घरे उभी केली, हे या वाचकांना सांगावयास नको. जमीन नाही असे म्हणणाऱ्यांनीच ती देऊन टाकली आहे.

येथे चळवळीनेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. गेली तीस वर्षे झोपडीवासीयांच्या आंदोलनांनी दोन गोष्टींसाठी झगडा केला: पात्रतेची तारीख आणि घराचे चौरस फूट. तारीख १९९५ वरून २००० वर आणि पुढे २०११ पर्यंत सरकली. घर २२५ चौरस फुटांवरून २६९ वर आणि मग ३०० वर गेले. या दोन्ही विजयांचे मोल मोठे आहे. परंतु आत चौरस फूट वाढत असताना बाहेर आकाश घटत होते, आणि मोर्चाच्या मागणीपत्रात आकाशाला ओळ मिळाली नाही. पात्रतेच्या यादीत नाव शोधून देणारा कार्यकर्ता गल्लोगल्ली भेटतो. नकाशा उघडून दोन इमारतींमधले अंतर मोजणारा कार्यकर्ता विरळा. प्रस्थापितांनी हा प्रश्न तांत्रिक ठरविला आणि विरोधकांनी ते मुकाट्याने मान्य केले, हे या पराभवाचे खरे कारण होय.

आता वेळ अधिक निकडीची आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. १९२० च्या दशकातील त्या चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्या कोणालाही पुरेशा नव्हत्या, पण त्या परक्या सरकारनेही दोन चाळींच्या मध्ये कबड्डीचा डाव मांडता येईल आणि गणपती बसविता येईल इतकी जागा ठेवली होती. धारावीचा पुनर्विकास २०२२ च्या निविदेनंतर एका मोठ्या उद्योगसमूहाच्या हाती गेला आहे. या ठिकाणी जे अंतर आज नकाशावर ठरेल ते पुढची शंभर वर्षे बदलता येणार नाही. चुकीचा कायदा विधानसभा एका दिवसात रद्द करू शकते; चुकीच्या जागी उभी राहिलेली इमारत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. एकाच योजनेतील पुनर्वसनाच्या आणि विकाऊ इमारतींना उजेड-हवेचा एकच नियम लावा, आणि अंतर उंचीशी बांधा. उजेड, हवा आणि अग्निसुरक्षा यांच्याबाबतीत शिथिलतेचा अधिकार आणि अधिमूल्याचा व्यापार बंद करा. दाटीच्या किमान अटीच्या जागी कमाल अट घाला. त्यामुळे जी जमीन कमी पडेल ती सार्वजनिक मालकीच्या आणि धनिकांच्या राखीव आवारांतून उपलब्ध करा. त्यासाठी सरकारने तिजोरीतून पैसा घालावा. आणि हे होईपर्यंत, वस्तीत संमतिपत्रावर सही घेण्यासाठी कोणी आले तर घराच्या क्षेत्रफळाबरोबरच आणखी दोन आकडे विचारण्याची सवय वस्त्यांना लावावी: इमारत किती मीटर उंच, आणि समोरची किती मीटर दूर? दुसरा आकडा पहिल्याच्या निम्मा आहे की आठवा हिस्सा, हे कळावयास अभियंता लागत नाही. चौथीतील मूल तो भागाकार करू शकते. त्या मुलाला तो करण्यापुरता उजेड घरात असला पाहिजे, एवढेच.